तळाचा सूर

आपल्या बोलीत ‘बँड’ हा शब्द फारसा मानाचा नाही. वरातीपुढे वाजतो तो बँड. आणि एखाद्याची पुरती फजिती झाली की त्याचा ‘बँड वाजला’ असे आपण म्हणतो. त्यामुळे टेक्सासमधील आमच्या हायस्कुलात नातू बँडमध्ये आहे, हे प्रथम ऐकले तेव्हा सांगलीला हळदीच्या पेढीवर बसलेले माझे वडील, आप्पा, क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनी एवढेच विचारले, “आणि अभ्यास?” हा प्रश्न एकट्या आप्पांचा नाही. व्यापारी घरातील कोणाही वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडी तो येईल आणि येणे रास्तही आहे. गेले पूर्ण शैक्षणिक वर्ष मी हा प्रश्न मनात ठेवून शाळेतील बँड आणि कॉयर, म्हणजे वृंदगान, जवळून पाहिले. मुलगी बारावीत, कॉयरमध्ये. मुलगा दहावीत, बँडमध्ये. त्या वर्षाचा हा जमाखर्च समाजबांधवांपुढे मांडत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. अमेरिकेतील सरकारी शाळांत संगीत हा शाळा सुटल्यावरचा छंदवर्ग नव्हे. तो वेळापत्रकातील विषय आहे. लोवेल मेसन यांच्या खटपटीमुळे १८३८ साली बॉस्टन शहराने सार्वजनिक शाळांत गायन हा विषय घेतला, तेथपासूनची ही परंपरा आहे. पितळी वाद्यांच्या बँडला लोकप्रियता मिळवून देण्यात जॉन फिलिप सूझा यांचा वाटा मोठा. ते १८८० ते १८९२ या काळात अमेरिकी मरीन बँडचे प्रमुख होते व पुढे स्वतःचा बँड घेऊन देशोदेशी फिरले. विसाव्या शतकात शाळाशाळांतून बँड उभे राहिले. टेक्सासमध्ये आज हायस्कूल पूर्ण करण्यासाठी कलेच्या एका विषयाचे एक वर्ष लागतेच; चित्रकला, नाट्य, गायन, वादन यांपैकी मुलाने निवडावे. क्लॅरिनेट, बासरी यांसारखी लहान वाद्ये बहुधा घरची असतात. मोठी व महागडी वाद्ये शाळा अल्प भाड्याने देते. माझ्या मुलाच्या वाट्याला असेच एक अजस्र वाद्य आले आहे. ते मैदानावर सूझाफोन आणि सभागृहात ट्यूबा. सूझाफोन हे नाव त्या सूझा यांच्यावरूनच पडले. अंगाभोवती वेटोळे घालून खांद्यावर घ्यावयाचे हे पितळी वाद्य दहा किलोंच्या वर भरते.

वर्ष सुरू होते ते शाळेच्या आधी, ऑगस्टच्या उन्हात. पारा ३८ अंशांवर असतो आणि मुले वाहनतळावर आखलेल्या रेषांत कूच करीत असतात. फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर एक रेषा असते. त्या पाच यार्डांत आठ पावले, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचे, ना कमी ना जास्त. प्रत्येक मुलाकडे स्वतःच्या जागांची यादी असते: अमुक ठेक्याला अमुक रेषेपासून तीन पावले आत, पुढच्या सोळा ठेक्यांत तेथून अमुक जागी. अशा कित्येक जागा पाठ करावयाच्या, तोंडाने वाद्य वाजवावयाचे, नजर पुढे ठेवावयाची आणि शेजारच्याशी ओळ राखावयाची. दशलक्षण पर्व या धामधुमीतच येते. मुलाने एकाशनासाठी रविवार निवडला, कारण त्या दिवशी सराव नसतो. इतर दिवशी उन्हात पाण्यावाचून राहू नकोस, हे त्याच्या आजीनेच फोनवरून बजावले होते. आईची आणखी एक शंका होती: ढोलांवर कातडे असते का? नसते. शाळांच्या ढोलांवर आता कृत्रिम पडदा ताणलेला असतो, हे कळल्यावर तिचे समाधान झाले.

सप्टेंबरपासून दर शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना आणि मध्यंतरात बँडचा कार्यक्रम. सामन्यापूर्वी पालक मंडळी मुलांना जेवण देतात. सप्टेंबरच्या आरंभी आमच्याकडे सूर्यास्त पावणेआठच्या पुढे होतो, त्यामुळे पाच-साडेपाचचे जेवण सूर्यास्तापूर्वी सहज उरकते. नोव्हेंबरात घड्याळे तासभर मागे जातात, सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि मग डबा दुपारीच द्यावा लागतो. बिनमांसाचे पदार्थ वेगळ्या टेबलावर ठेवावेत, ही आमची विनंती पालक समितीने पहिल्याच सभेत मान्य केली. तिचा लाभ आमच्याशिवाय आणखीही काही घरांना झाला.

आप्पांच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तरही येथेच मिळते. टेक्सासमध्ये १९८४ पासून नियम आहे: काही प्रगत विषय वगळता कोणत्याही विषयात ७० पेक्षा कमी गुण पडले की मुलाला खेळात किंवा बँडच्या स्पर्धेत भाग घेता येत नाही. शिवाय शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला आठ तासांहून अधिक सराव घेता येत नाही. नियम असले म्हणजे थकवा येत नाही असे नव्हे. ऑक्टोबरात मुलगा रात्री साडेअकराला घरी येऊन शनिवारी पहाटे पुन्हा स्पर्धेच्या बसमध्ये चढलेला मी पाहिला आहे.

दिवाळीच्या सुमारास आप्पा आणि आई चार महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आल्या आठवड्यातच एक स्पर्धा होती. आप्पा शाल गुंडाळून शेवटपर्यंत बसले. मुले मैदानाबाहेर आल्यावर ते नातवाला म्हणाले, “एवढ्या पोरांत आपला कुठला, ते काही ओळखू आलं नाही बघ.” तो घामेजलेल्या गणवेशात हसला. “आजोबा, मी ओळखू आलो असतो, तर माझं पाऊल चुकलं असतं.”

त्या वाक्याने मला पुढचे वर्षभर विचार करावयास लावले. आपण मुलांना वाढवतो ते उठून दिसण्यासाठी. पहिला क्रमांक, पदक, वर्तमानपत्रातील छायाचित्र. येथे मात्र उत्तम कामगिरीची खूण अशी की कोणी एकटा दिसू नये.

बँडचा आर्थिक व्यवहार पालकांची समिती सांभाळते. व्यापाऱ्याच्या मुलाला तेथे लवकरच काम मिळते. मला खजिनदाराच्या मदतीस घेतले. मैदानावरील खाद्यपदार्थांच्या स्टॉलवर मांसाचे पदार्थ विकले जातात, म्हणून तेथे उभा राहणार नाही, असे मी आरंभीच सांगितले. कोणी वाईट वाटून घेतले नाही. मी डिसेंबरातील फळविक्री घेतली. टेक्सासच्या दक्षिणेस रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात संत्री आणि लाल गराची ग्रेपफ्रुट पिकतात. बँडची मुले घरोघर मागणी नोंदवतात आणि एका सकाळी ट्रक येतो. पेट्या उतरवणे, डागी माल बाजूला काढणे, मोजदाद, पावत्या. आप्पा खुर्ची टाकून बसले आणि मार्केट यार्डातील चाळीस वर्षांची नजर त्यांनी कामाला लावली.

या समित्यांचे हिशेब पाहण्यासारखे असतात. रोकड नेहमी दोघांनी मिळून मोजावयाची, हा पहिला दंडक. दुसरा अधिक विचार करावयास लावणारा आहे. करमाफी असलेल्या या धर्मादाय संस्थांना विक्रीचा नफा ज्या त्या मुलाच्या नावे जमा करता येत नाही. तो सर्वांचा धरावा लागतो. एका पालकाने सभेत विचारले, “माझ्या मुलीने साठ पेट्या विकल्या, शेजारच्याने चार. दोघांना सारखाच लाभ का?” प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर असे मिळाले की, संस्थेला करमाफी आहे ती सर्व मुलांसाठी काम करते म्हणून. एकेकाच्या खात्यात नफा जाऊ लागला, तर ती संस्था राहणार नाही, दुकान होईल. आप्पांना हे भाषांतर करून सांगितले. ते म्हणाले, “बरोबर आहे. देवळाच्या पेटीत टाकलेला पैसा कुणी आपल्या नावे मागत नाही.”

मुलीच्या कॉयरचे जग याहून शांत, परंतु शिस्त तीच. आपल्याकडे भजनात शंभर कंठ एकच चाल गातात. कॉयरमध्ये चार गट चार वेगळ्या चाली एकाच वेळी गातात: स्त्रियांचा उंच आवाज सोप्रानो, खालचा ऑल्टो, पुरुषांचा उंच टेनर, खालचा बास. त्या चार चाली मिळून एक गाणे होते. मुलगी ऑल्टो. मूळ चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडे असते. ऑल्टोच्या ओळीत कधी एकाच स्वरावर बराच वेळ थांबावे लागते. घरी ती एकटी सराव करी तेव्हा आई विचारी, “हे कसलं गाणं? याला चालच नाही.” डिसेंबरच्या मैफलीत चारही आवाज एकत्र ऐकल्यावर आईला तो थांबलेला स्वर सापडला. तो काढून घेतला असता तर वरची चाल पोकळ वाटली असती.

स्वरलेखन वाचण्याची त्यांची रीत आपल्याला परकी नाही. डो, रे, मी ही त्यांची सरगम. आणि आपल्या षड्जाप्रमाणेच त्यांचा डो कोणत्याही पट्टीत धरता येतो. एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन या इंग्रज शिक्षकाने प्रत्येक स्वराला हाताची एक खूण ठरवून दिली. मुले आजही त्या खुणा करीत, कधीही न पाहिलेले गीत पहिल्याच वाचनात गातात.

कॉयरमध्ये एक प्रश्न आपल्या घरांना पडतोच. पाश्चात्य वृंदगानाचा मोठा भाग चर्चमध्ये जन्मला. लॅटिन धर्मगीते गावी लागतात. शिक्षिकेने वर्षाच्या आरंभीच पत्र पाठवले होते की, ही गीते संगीत म्हणून शिकविली जातात आणि कोणाला आक्षेप असेल तर दुसरे काम दिले जाईल. मुलीने प्रत्येक गीताचा अर्थ आधी वाचला आणि मग गायचे ठरविले. वसंत ऋतूत याच प्रश्नाला एक गमतीचे वळण मिळाले. गुस्ताव होल्स्ट हे इंग्रज संगीतकार ऋग्वेदातील सूक्तांचे स्वतः भाषांतर करता यावे म्हणून संस्कृत शिकले होते. मुलींच्या एका शाळेत ते आयुष्यभर संगीत शिकवीत. १९१० च्या सुमारास त्यांनी स्त्रियांचे आवाज आणि हार्प यांच्यासाठी सूक्तांचा एक संच रचला. त्यांतील उषेचे सूक्त मुलींच्या कॉयरला मिळाले. शिक्षिका कौतुकाने म्हणाल्या, “हे तर तुझ्याच धर्मग्रंथातले!” मुलीने नम्रपणे सांगितले की, ऋग्वेद हा वैदिक परंपरेचा ग्रंथ, आम्ही जैन, आमचे आगम वेगळे. मग ती म्हणाली, “लॅटिन गीत मी जितक्या आदराने गायले, तितक्याच आदराने हेही गाईन.” हे तिला कोणी शिकवून पाठवले नव्हते.

योगायोग असा की, त्याच होल्स्ट यांची रचना त्याच वेळी मुलाच्या बँडकडेही होती. १९०९ सालची त्यांची ‘फर्स्ट सूट’ ही बँडसाठी लिहिलेल्या अभिजात संगीतातील पायाभूत कृती मानली जाते. तिचा आरंभ ट्रंपेट करीत नाही, क्लॅरिनेटही नाही. आठ मात्रखंडांची एक गंभीर चाल सर्वप्रथम येते ती ट्यूबा आणि युफोनियम या तळाच्या वाद्यांतून. पुढे तीच चाल एकेका वाद्याकडे जाते, मधेच उलटी होते, तिच्यावर मजले चढतात. वर्षभर मागे राहून ठेका धरणाऱ्या मुलांना ते आठ खंड स्वच्छ, एकट्याने मिळतात.

परंतु ती रचना वाजण्यापूर्वी घरात खरा पेच उभा राहिला होता. फेब्रुवारीत पुढच्या वर्षीचे विषय निवडावे लागतात. टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्याने आपल्या शाळेत वरच्या १० टक्क्यांत येणाऱ्या मुलास राज्यातील सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी ही मर्यादा घटत घटत आता ५ टक्क्यांवर आली आहे. क्रमांक ठरतो सरासरीवर. आमच्या विभागात ‘एपी’ या प्रगत विषयात उत्तम श्रेणी मिळाल्यास ५ गुण, साध्या विषयात ४. बँड साधा विषय. सातही विषय प्रगत घेणाऱ्याची सरासरी ५ होऊ शकते. सहा प्रगत आणि एक बँड घेणाऱ्याची, सर्व विषयांत उत्तम श्रेणी मिळूनही, ४.८६. म्हणजे बँडमध्ये कितीही चांगले वाजवले तरी क्रमांक खालीच सरकतो. आमच्या ओळखीच्या दोन भारतीय कुटुंबांनी याच कारणाने मुलांना बँडमधून काढले, आणि त्यांचा हिशेब खोटा नव्हता.

आम्ही चौघे मोठे आणि दोन्ही मुले जेवणानंतर बसलो. मी कागदावर आकडे मांडले. पत्नीचा कल प्रगत विषयाकडे होता. चार वर्षांचा खर्च आणि नोकरीचा भरवसा, दोन्हींचा प्रश्न होता. मुलगा बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, “बाकी वर्गांत मी नापास झालो तर मी एकटा नापास होतो. बँडमध्ये मी नसलो तर दुसऱ्या कुणाच्या तरी स्वराखालचा आधार जातो. चार ट्यूबांपैकी दोन जण यंदा बारावी होऊन जातायत. क्रमांकाचं मला कळतंय, बाबा. तरी मला राहायचंय.”

आप्पांनी सल्ला दिला नाही. त्यांनी एकच प्रश्न केला: “कमी पडलेल्या टक्क्यांबद्दल पुढं कधी बँडला दोष देणार नाहीस?” तो म्हणाला, “नाही देणार.” त्यावर आप्पा मला म्हणाले, “मग लिही. तोटा माहीत असून केलेला सौदा हा फसलेला सौदा नव्हे.” अर्जावर बँड लिहिले गेले. पत्नीने सही केली. तिची काळजी मात्र संपली नाही, आणि ती संपली असे लिहिणे खरे होणार नाही.

एप्रिलमध्ये वसंत ऋतूतील मूल्यमापन झाले. तीन परीक्षकांसमोर तयार केलेल्या रचना वाजवावयाच्या आणि मग दुसऱ्या दालनात कधीही न पाहिलेली रचना. शिक्षक काही मिनिटे केवळ समजावून सांगतात, मुले वाद्याला तोंड न लावता बोटे फिरवतात आणि मग एकदाच, न थांबता, वाजवतात. कोणाचे चुकले तरी थांबायचे नाही. ज्याला जागा सापडली आहे त्याने वाजवत राहायचे, म्हणजे हरवलेल्याला परत येता येते. आमच्या बँडला सर्वोच्च म्हणजे पहिली श्रेणी मिळाली. मे महिन्यात मुलाचा वर्गातील क्रमांकही कळला. तो वरच्या ५ टक्क्यांत नव्हता. १० टक्क्यांत होता.

ज्यांची मुले किंवा नातवंडे परदेशी शाळांत आहेत, त्यांनी विषय निवडण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात: वाद्य शाळेचे की घरचे, वर्षाची वर्गणी व सहलींचा खर्च किती, आपल्या विभागात या विषयाला गुण कसे धरतात, आणि सामन्यांच्या दिवशी जेवणाची वेळ काय. आहाराविषयी पहिल्याच सभेत, स्पष्ट आणि गोड शब्दांत बोलावे. उत्तर मिळाल्यावर मुलाला विचारावे की किंमत त्याला मान्य आहे का. त्याच्या वतीने आपण हो किंवा नाही म्हणू नये.

मेच्या अखेरीस मुलीच्या वर्गाचा पदवीदान समारंभ झाला. अमेरिकेत अशा प्रसंगी इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार यांचे १९०१ सालचे एक संचलनगीत वाजवण्याची प्रथा आहे. शेवटचे मूल आत येऊन जागेवर पोहोचेपर्यंत तीच चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहायचे. बारावीची मुले स्वतः झगे घालून रांगेत असल्याने बँडमध्ये त्या दिवशी फक्त खालच्या वर्गांतील मुले उरतात. ट्यूबा दोनच होते. वीस मिनिटांहून अधिक काळ ते दोघे तळ धरून होते. मुलगी मधल्या वाटेने चालत गेली तेव्हा मी तिच्याकडे पाहिले, मग मुलाकडे पाहिले. त्याची नजर शिक्षकांच्या हातावर होती.

घरी परतताना गाडीत तिने विचारले, “मी आत आले ते दिसलं का रे तुला?”

“नाही गं,” तो म्हणाला. “पण तू चालत होतीस ते आमच्याच ठेक्यावर.”